टकरीचा जमाखर्च

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम असतो. परीक्षेपुरता पाठ करून पुष्कळ विद्यार्थी पुढें तो विसरतात. आमच्या मतें हा नियम शाळेपेक्षां रस्त्यावर अधिक उपयोगाचा आहे; म्हणून घरांतील वडील मंडळींनींहि तो समजून घ्यावा.

संवेग म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार. बाहेरचा जोर नसेल, तर टकरीपूर्वींची संवेगाची बेरीज टकरीनंतरहि तेवढीच राहते. कॅरमच्या पटावर स्ट्रायकर आदळून मंदावतो आणि सोंगटी धांवूं लागते. एकानें गमावलेलें दुसऱ्यास मिळतें. मग सोंगटीहि थांबते, तेव्हां तिचा संवेग कोठें जातो? घर्षणामुळें तो पटाकडे व पटामार्फत पृथ्वीकडे जातो. पृथ्वी इतकी जड, कीं तिच्या वेगांतला फरक कोणास कळत नाहीं.

ह्या बेरजेंत दिशाहि धरावी लागते. देकार्त ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें १६४४ सालच्या आपल्या ग्रंथांत ती धरली नाहीं, व त्याचे टकरींचे नियम चुकले. वॉलिस, रेन व हॉयगेन्स यांनीं १६६८-६९ च्या सुमारास हा विषय मार्गावर आणला. १६८७ सालीं न्यूटनच्या ग्रंथानें त्यास भक्कम पाया मिळाला.

आतां वाशीम जिल्ह्यांतील आसेगावच्या रस्त्यावरची एक टक्कर मनांत उभी करूं. सोयाबीनच्या पोत्यांसह ७,८०० किलोचा ट्रक सेकंदास १० मीटर, म्हणजे ताशीं ३६ किलोमीटर, वेगानें येत आहे. समोरून स्वारासह २०० किलोची मोटारसायकल तितक्याच वेगानें येते. ट्रकचा संवेग ७८,०००, मोटारसायकलचा उलट दिशेचा, म्हणून उणे २,०००, बेरीज ७६,०००. टक्कर क्षणभराची, म्हणून रस्त्याचें घर्षण सोडून देऊं. दोन्ही वाहनें एकमेकांत अडकलीं असें धरल्यास त्या ८,००० किलोंचा वेग सेकंदास ९.५ मीटर येतो. दोघांच्याहि संवेगांत ३,९०० चाच फरक पडला. देवघेव अगदीं सारखी झाली. परंतु ट्रकचा वेग अर्धा मीटर उतरला, आणि मोटारसायकलचा साडेएकोणीस मीटरांनीं पालटला! नियम कोणाचा पक्षपात करीत नाहीं. हलक्याला मात्र तो जड जातो.

हेल्मेट ही देवघेव रद्द करीत नाहीं. डोकें थांबण्यास लागणारा वेळ तें किंचित् वाढवितें, व त्यामुळें डोक्यावरचा जोर कमी होतो. घरांतील तरुणाच्या हातीं गाडीची किल्ली देण्यापूर्वीं, वही-पेन्सिल घेऊन हें गणित त्याच्याकडून एकदां करवून घ्यावें.