विश्लेषण : तोंडाची तपासणी परिचारिकेकडे कशासाठी?

रक्तदाब किंवा साखर तपासायला उपकेंद्रात आलेल्या तिशीपुढच्या माणसाला ‘आ करा’ असेही सांगितले जाणे अपेक्षित आहे. सांगणारी व्यक्ती दंतवैद्य नसते, अनेकदा ती परिचारिका असते. तोंडाच्या कर्करोगाची शंका वेळेत यावी आणि रुग्ण दंतवैद्यापर्यंत पोहोचावा, यासाठी तिला प्रशिक्षण दिले जाते.

परिचारिकाच का?

दाढ ठणकू लागल्याशिवाय दंतवैद्याकडे कोणी जात नाही. कर्करोगाआधीचे चट्टे मात्र बहुधा दुखतच नाहीत. शिवाय सरकारी दंतवैद्य साधारणपणे तालुक्याच्या रुग्णालयात भेटतो, परिचारिका गावात. ‘आयुष्मान भारत’ योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली. तिथल्या १२ सेवांमध्ये मुखआरोग्यही आहे. केंद्राचे काम पाहणारे समुदाय आरोग्य अधिकारी नर्सिंग किंवा आयुर्वेद शिकलेले असतात.

महाराष्ट्रात हे अधिक गरजेचे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के.

तपासणी कशी होते?

सुरुवात प्रश्नांनी होते आणि प्रश्न कसा विचारला यावर बरेच अवलंबून असते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला एखादी बाई ‘नाही’ म्हणते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारले, की ‘सकाळ-संध्याकाळ’ असे उत्तर येते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण अनेक घरांत ती दात घासण्याची पूड समजली जाते. विदर्भात खर्‍याचे नाव घेऊनच विचारावे लागते.

मग कवळी असल्यास काढायला लावून, हातमोजे घालून, विजेरीच्या उजेडात ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग पाहायचा. तंबाखूची चिमूट जिथे धरली जाते ती जागा नीट पाहायची. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारी गाठ यांपैकी काहीही आढळले तर पुढे पाठवायचे. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठ झाल्याची शंका घ्यायची. निदान करणे हे परिचारिकेचे काम नाही. शंका घेणे मात्र आहे.

याचा उपयोग होतो का?

याचे भक्कम उत्तर केरळात मिळाले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९२ हजार लोकांचा अभ्यास झाला. निम्म्या लोकांची तोंडे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी तपासली. हे कार्यकर्ते डॉक्टर तर नव्हतेच, परिचारिकाही नव्हते. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू किंवा मद्य घेणार्‍यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. सर्व लोकसंख्येत मात्र असा ठोस फरक सिद्ध झाला नाही.

अडते कुठे?

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा कमी सांगितला जातो. ५,१४५ जणांच्या तोंडात संशयास्पद काही आढळले, पण पुढच्या तपासणीला ३,२१८ जणच गेले. तिघांतला एकाहून अधिक जण घरीच राहिला.

कारणे समजण्यासारखी आहेत. दुखत नाही, रोज बुडतो, एसटीचे भाडे लागते आणि तालुक्याला गेल्यावर ‘डॉक्टर आज नाहीत’ असे ऐकावे लागण्याची धास्ती असते. ‘दाताच्या डॉक्टरला दाखवा’ एवढे तोंडी सांगून म्हणूनच भागत नाही. कुठल्या रुग्णालयात, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत जायचे, हे चिठ्ठीवर हवे. दंतवैद्याने काय पाहिले, हे उपकेंद्राला उलट कळायला हवे. नाहीतर रुग्ण गेला की नाही, याचा पत्ता परिचारिकेलाही लागत नाही. आशाताई त्या घरी पुन्हा जातातच, चिठ्ठीची चौकशी त्याच फेरीत होऊ शकते.

केंद्राच्या कार्यक्रमानुसार तिशीनंतर ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची असते. न भरणारी जखम असेल, तर त्या पाळीची वाट पाहायची नाही.