यकृताच्या रोगाचं औषध आतड्यात?

अति दारूने यकृताला तीव्र सूज आली की डोळे हळदीसारखे पिवळे होतात, पोटात पाणी भरतं, रक्त नीट गोठत नाही. अशा गंभीर रुग्णांपैकी अनेक जण काही महिन्यांत दगावतात. तरीही डॉक्टरांच्या हाती आज मुख्यतः एकच औषध आहे, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. रोज 40 मिलिग्रॅम, 28 दिवस. सातव्या दिवशी रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, तपासतात. पुरेसं उतरलं नसेल तर गोळी बंद करतात. ब्रिटनमध्ये 1,103 रुग्णांवर झालेल्या ‘स्टोपा’ चाचणीचे निकाल 2015 मध्ये आले. पहिल्या महिन्यात या गोळीने थोडे जीव वाचल्यासारखे दिसले, पण तीन महिन्यांनी तो फायदा उरला नव्हता. गंभीर जंतुसंसर्ग मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत 13 टक्के, न घेणाऱ्यांत 7 टक्के. सूज दाबताना जंतूंशी लढायची ताकदही दबते, हीच या उपचाराची गोची आहे.

म्हणून नवा शोध सूज जिथून पेटते तिथे घ्यायला हवा, असं मला वाटतं. दारूने आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि तिथल्या जंतूंची विषं रक्तावाटे थेट यकृतात उतरतात. एन्टेरोकोकस फीकॅलिस या जंतूचे काही वाण यकृताच्या पेशी मारणारं विष तयार करतात आणि ज्यांच्या आतड्यात ते सापडले त्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण फार मोठं होतं, हे 2019 मध्ये समोर आलं. नेमक्या त्या जंतूला खाणारे विषाणू दिल्यावर उंदरांचं यकृत सावरलं. सरसकट अँटिबायोटिक देऊन भागत नाही. फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. दिल्लीच्या आयएलबीएस संस्थेत, स्टेरॉइड देता येत नव्हतं अशा आठ रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू नळीवाटे देण्यात आले; वर्षभराने सात जण हयात होते. आकडा उमेद देणारा आहे, पण आठ रुग्णांवरून उपचार ठरत नाही. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या छोट्या चाचणीत पांढऱ्या रक्तपेशी वाढवणाऱ्या जी-सीएसएफ या इंजेक्शननेही मोठा फायदा दाखवला होता. आधीच आजारी असलेलं यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांवरच्या जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. आपल्याकडे रुग्णांची वाण नाही, तेव्हा अशा मोठ्या चाचण्या इथेच व्हायला हव्यात.

‘स्वतःच ओढवून घेतलेल्या दुखण्यावर पैसा कशाला?’ असं विचारलं जातं. पण वर्षानुवर्षं तेवढीच पिणाऱ्या सगळ्यांना हा आजार होत नाही. त्यात जनुकांचाही वाटा आहे. फ्रान्स-बेल्जियममध्ये सहा महिने दारू सोडण्याची अट बाजूला ठेवून निवडक 26 रुग्णांचं यकृत प्रत्यारोपण केलं, तेव्हा सहा महिन्यांनी 77 टक्के जगले होते आणि पुढे तिघेच पुन्हा प्यायला लागले. ‘दारू सोडा, एवढंच औषध’ हा दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. दीर्घकाळ जगणं दारू सुटण्यावरच अवलंबून असतं, पण ती सुटायला आधी माणूस जगायला हवा. प्रत्यारोपणासाठी यकृतं मोजकीच मिळतात. म्हणून नव्या औषधाकडून मागायचं ते हेच, की त्याने तीन महिने निभावून न्यावेत. आणि त्याच वॉर्डात पहिल्या आठवड्यापासून व्यसनमुक्तीचा समुपदेशक रुग्णाच्या खाटेशी बसलेला असावा.