ॲड्रियाटिकवरील एक दिवस, पाच बेटे

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील स्प्लिट शहराला उन्हाळ्यात लवकर जाग येते. सकाळी सातच्या सुमारास बंदराच्या धक्क्यावर प्रवाशांचे लहान लहान गट जमू लागतात. कोणाच्या खांद्यावर टॉवेल, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, तर कोणी खिशातली गोळी चाचपून पाहणारे. कारण पुढचे दहा-अकरा तास समुद्रावर काढायचे असतात. पाठीमागे रोमन सम्राट डायोक्लेशियन याच्या प्रासादाच्या भिंती उन्हात उजळू लागलेल्या असतात. इसवी सन ३०५ मध्ये राज्यत्याग करून हा सम्राट याच प्रासादात राहावयास आला. सतराशे वर्षे लोटली, तरी प्रासादाच्या आत आजही घरे आहेत, दुकाने आहेत, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे आहेत. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ज्या पांढऱ्या दगडाने तो उभा राहिला, त्यातील बराचसा दगड समोरच्या ब्राच बेटावरून आला. बेटांशी असलेले या शहराचे नाते असे पायाच्या दगडापासूनचे आहे.

धक्क्यावर मात्र इतिहासाची चर्चा नसते. सर्वांच्या ओठी एकच प्रश्न असतो : आज गुहा उघडी आहे का?

बुडालेल्या पर्वतरांगा

क्रोएशियाच्या किनाऱ्यालगत बेटे, बेटुकल्या आणि खडक मिळून संख्या हजारावर जाते. पैकी कायम वस्ती असलेली बेटे सुमारे पन्नासच. नकाशा पाहिला तर ही बेटे किनाऱ्याला समांतर, लांबट आणि एकामागे एक रांगेत उभी असल्यासारखी दिसतात. त्याचे कारण भूगोलात आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती आणि आजची पुष्कळशी बेटे म्हणजे किनाऱ्याला समांतर जाणारे डोंगर होते. बर्फ वितळले, पाणी चढले, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरमाथे तेवढे वर राहिले. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत अशा किनाऱ्याला या प्रदेशाच्याच नावावरून ‘डाल्मेशियन किनारा’ म्हणतात.

हे डोंगर चुनखडीचे. पावसाचे पाणी या दगडाच्या भेगांतून झिरपून जाते, त्यामुळे गाळ वाहून आणणाऱ्या नद्या येथे थोड्याच. येथील समुद्र इतका नितळ दिसण्यामागे हेही एक कारण आहे. पण हीच गोष्ट बेटवासीयांच्या दृष्टीने वेगळी ठरते. पाणी जमिनीत मुरून जात असल्याने अनेक बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे पाणी दगडी टाक्यांत साठवून वर्षभर पुरवून वापरावे लागले. पर्यटकाला भुलवणारी निळाई आणि बेटवासीयाची पाण्याची काटकसर, दोन्हींचे मूळ एकाच दगडात आहे.

वाऱ्याचा हुकूम

बाराएक प्रवाशांना घेऊन वेगवान नौका बंदराबाहेर पडते. पहिला मुक्काम सर्वांत लांबचा, म्हणजे सुमारे ७० किलोमीटरवरील बिशेव्हो बेट. लांबचा टप्पा आधी उरकण्याचे कारण वाऱ्यात आहे. कोकणातील माणसाला जसे खारे आणि मतलई वारे ठाऊक असतात, तसे येथील माणसाला तीन वारे ओळखता यावेच लागतात. ईशान्येकडून डोंगर उतरून झेपावणारा थंड, कोरडा वारा म्हणजे ‘बुरा’. आग्नेयेकडून येणारा दमट वारा म्हणजे ‘यूगो’. तो एकदम अंगावर येत नाही, पण दिवसभर वाहत राहून मोठ्या लाटा उठवतो. तिसरा ‘माएस्त्राल’, उन्हाळ्यातील स्वच्छ हवेत दुपारी वायव्येकडून वाहणारा, उकाडा हलका करणारा वारा. सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारी माएस्त्राल सुटला की पाण्यावर पांढरा फेस दिसू लागतो. म्हणून दूरचा प्रवास सकाळी आणि परतीचा टप्पा बेटांच्या आडोशाने, असा सहलीचा क्रम लावलेला असतो.

यूगो वाहू लागला की बिशेव्होची गुहा बंद ठेवली जाते. गुहेचे तोंड सुमारे दीड मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद. त्यात लाट शिरली तर होडी कपाळमोक्ष करून घेणार. अशा दिवशी काही प्रवासी रागावतात, पैसे मोजल्याची आठवण करून देतात. परंतु समुद्रावर ‘नाही’ म्हणू शकणारा नाविकच खरा भरवशाचा. दूरदेशी आलेल्या प्रवाशाने हा नकार आनंदाने स्वीकारावा; त्यात त्याच्याच जिवाची काळजी असते.

निळी गुहा

हवा अनुकूल असेल तर मेझुपोराट नावाच्या छोट्या खाडीत नौका बदलावी लागते. तेथून लहान होड्या गुहेकडे निघतात. गुहेच्या तोंडाशी नावाडी सर्वांना वाकण्याची खूण करतो, डोकी गुडघ्यांना टेकतात, क्षणभर अंधार होतो आणि पुढच्या क्षणी होडी जणू प्रकाशावर तरंगू लागते. पाणी वरून उजळलेले नसून खालून उजळलेले असते. हात पाण्यात बुडवला तर तो चांदीचा असल्यासारखा दिसतो.

हा चमत्कार समजावून सांगता येतो, तरी त्याची नवलाई कमी होत नाही. गुहेला पाण्याखाली आणखी एक तोंड आहे. सूर्यकिरण त्यातून आत शिरतात आणि तळाच्या फिकट चुनखडीवरून परावर्तित होऊन वर येतात. पाण्यातून जाताना तांबड्या रंगाचा प्रकाश शोषला जातो आणि निळा तेवढा उरतो. सूर्य योग्य कोनात असताना, म्हणजे साधारण अकरा ते बाराच्या दरम्यान, ही निळाई सर्वांत गहिरी असते.

मात्र प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. होडी ज्या तोंडातून आत आली, ते पूर्वी होड्यांना आत येण्याजोगे नव्हते. त्या काळी पाण्याखालून पोहत गेल्याशिवाय आत जाता येत नसे. चित्रकार युजीन फॉन रान्सोने याने या गुहेची ख्याती जगभर पोहोचवली आणि १८८४ मध्ये सुरुंग लावून होड्यांसाठी वाट मोकळी करण्यात आली. तेव्हापासून गुहेला पाहुण्यांची वानवा नाही. १९५१ मध्ये तिला संरक्षित निसर्ग-स्मारकाचा दर्जा मिळाला. आत पोहण्यास मनाई आहे आणि भर हंगामात होडीला आत काही मिनिटेच थांबता येते. बाहेर रांगेत मात्र तासभर किंवा त्याहूनही अधिक थांबावे लागू शकते. एका दाराने जगाला सौंदर्य दिले आणि त्याच दाराने गर्दीही आली.

बंद दारामागचे बेट

बिशेव्होशेजारचे मोठे बेट म्हणजे व्हीस. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीकांनी येथे ‘इस्सा’ ही वसाहत वसवली. पुढे १८६६ च्या जुलैमध्ये या बेटालगतच्या समुद्रात ऑस्ट्रियाच्या आरमाराने इटलीच्या आरमाराचा पराभव केला. १९४४ मध्ये युगोस्लाव्ह नेते टिटो यांनी येथील हुम पर्वतावरील गुहेतून आपल्या लढ्याची सूत्रे हलवली. त्याच वर्षी दोस्त राष्ट्रांच्या जखमी विमानांना उतरता यावे म्हणून द्राक्षमळ्यांच्या जागी धावपट्टी करण्यात आली. युद्ध संपले, पण बेटाचे सैनिकी महत्त्व संपले नाही. युगोस्लाव्ह सैन्याचा तळ म्हणून व्हीस १९८९ पर्यंत परदेशी प्रवाशांना बंद होते. डोंगर कोरून केलेले पाणबुडीचे बोगदे आजही दिसतात.

या बंदीचा परिणाम दुहेरी झाला. किनाऱ्यावर मोठमोठी हॉटेले उभी राहिली नाहीत, त्यामुळे कोमिझा हे कोळ्यांचे गाव आपल्या जुन्या रूपात टिकले. पण रोजगारही आला नाही. त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, द्राक्षवेलींवरील रोगाने डाल्मेशियातील मळे उद्ध्वस्त केले होते. कोमिझातील अनेक कुटुंबांनी कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रो बंदर गाठून तेथे मासेमारीत जम बसवला. आज व्हीस बेटाची लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास आहे. आपल्या गावातील घराला कुलूप लावून मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या कुटुंबांची आठवण अनेक मराठी वाचकांना येथे झाल्यावाचून राहणार नाही.

कोमिझाच्या कोळ्यांची ‘फाल्कुशा’ नावाची शिडाची होडी होती. अरुंद, वेगवान आणि बाजूच्या फळ्या काढता-बसवता येतील अशी तिची बांधणी. खुल्या समुद्रातील पालाग्रुझा या दूरच्या बेटापर्यंत ती जात असे आणि मासेमारीची चांगली जागा मिळावी म्हणून कोळ्यांच्या शर्यती लागत. वापरातून ही होडी नाहीशी झाली, तेव्हा गावाने स्मृतीच्या आधारे तिची प्रतिकृती बांधली आणि १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनात ती झळकली. बेटावर मोजकीच माणसे उरली तरी स्मरण टिकवता येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

शेवाळ नव्हे, कुरण

व्हीसच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्टिनिव्हा ही खाडी दोन उंच कड्यांच्या मिठीत दडलेली आहे. समुद्राकडून पाहिल्यास कड्यांमध्ये काही मीटरचीच फट दिसते. नौका बाहेर थांबतात आणि पोहता येणारे प्रवासी त्या फटीतून आत जाऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर पोहोचतात. पोहता न येणाऱ्यांनी नौकेतूनच दर्शन घेतलेले बरे. पाणी नितळ असले की खोली फसवी वाटते.

तेथून पुढे बुडिकोवात्स हे चिमुकले बेट लागते. त्याच्या कुशीतील उथळ, पाचूच्या रंगाच्या पाण्यात सर्वांना मनसोक्त डुंबता येते. पाण्यातल्या चष्म्यातून पाहिले, तर या किनाऱ्यालगत ठिकठिकाणी हिरव्या पात्यांची दाट वाढ दिसते. पुष्कळांना ते शेवाळ वाटते. वस्तुतः ती ‘पोसिडोनिया’ नावाची सपुष्प वनस्पती आहे. समुद्रातले कुरणच म्हणा. माशांची पिल्ले तेथे वाढतात, पाणी स्वच्छ राहते, तळाची वाळू धरून ठेवली जाते. ही वनस्पती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरच्या हिशेबाने पसरते. नौकेचा नांगर ओढला गेला, की काही क्षणांत अनेक वर्षांची वाढ उपटली जाते. म्हणूनच जाणता नाविक नांगर वाळूतच टाकतो किंवा बांधून ठेवलेल्या तरंगत्या खुणेला दोर लावतो. प्रवाशानेही ‘नांगर कोठे टाकणार?’ असे एकदा विचारावे. ग्राहकाच्या प्रश्नात मोठी शक्ती असते.

राळेची बेटे आणि ह्वार

दुपारी माएस्त्राल सुटतो आणि नौका पाक्लेनी द्वीपसमूहाच्या आडोशाला येते. या नावाचा अर्थ ‘नरकातील बेटे’ असा अनेकदा सांगितला जातो. खरे पाहता ते ‘पाक्लिना’ म्हणजे चीडवृक्षाच्या राळेवरून आले आहे. होड्यांच्या फळ्यांतून पाणी झिरपू नये म्हणून ही राळ वापरत. आजही पाइनच्या झाडांची सावली थेट पाण्यावर उतरते.

अखेरचा थांबा ह्वार. बंदरासमोर डाल्मेशियातील मोठ्या चौकांपैकी एक चौक, वर किल्ला आणि मधल्या वाटेवर पायऱ्यांच्या गल्ल्या. चौकालगतच्या जुन्या शस्त्रागाराच्या वरच्या मजल्यावर १६१२ मध्ये सार्वजनिक नाट्यगृह सुरू झाले. सरदार आणि सामान्य जन एकाच छपराखाली नाटक पाहू लागले. येथील बेनेडिक्टाइन जोगिणी घायपाताच्या पानांतील धाग्यांपासून जाळीदार लेस विणतात. क्रोएशियातील या लेसकलेला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. बेटाच्या दुसऱ्या बाजूस स्तारी ग्राडच्या मैदानात ग्रीकांनी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात आखलेल्या शेतांच्या दगडी सीमा आजही कायम आहेत आणि तेथे आजही द्राक्षे व ऑलिव्ह पिकतात. २००८ मध्ये ते मैदान जागतिक वारसा ठरले.

याच ह्वारला उन्हाळी रात्रींच्या गोंगाटाने इतके त्रस्त केले, की २०१७ मध्ये नगरपालिकेला बेशिस्त वर्तनासाठी जबर दंडाचे फलक लावावे लागले. पाहुणा हवा, पण घराची रीत पाळणारा, एवढेच गावाचे म्हणणे होते.

जाणाऱ्यांसाठी

क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ पासून युरो हे चलन स्वीकारले आणि त्याच दिवशी तो शेंगेन क्षेत्रातही सामील झाला. त्यामुळे भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक असतो. बंदरांवर कार्ड चालते, तरी लहान बेटांवर थोडी रोकड जवळ असावी. जुन्या प्रवासवर्णनांत ‘कुना’ हे नाव वाचून कोणी त्या नोटा शोधू नयेत.

सहल ठरवताना चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : गुहेचे प्रवेशशुल्क दरात धरले आहे काय, हवामानामुळे गुहा बंद राहिल्यास पर्याय कोणता, सहलच रद्द झाल्यास पैसे परत मिळतील काय, आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे काय. वेगवान नौका लाटांवर आपटते. पाठदुखी असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वृद्धांनी संथ, मोठ्या बोटीचा मार्ग निवडावा. टोपी, वाऱ्याचे जाकीट आणि गोट्यांवर चालण्याची पादत्राणे अवश्य न्यावीत. शक्य असल्यास जुलै-ऑगस्ट टाळून जून किंवा सप्टेंबर निवडावा. रांगही लहान असते आणि बेटांनाही श्वास घ्यायला सवड मिळते.

संध्याकाळी नौका स्प्लिटच्या बंदरात शिरते, तेव्हा अंगावर मिठाचा थर असतो आणि कॅमेऱ्यात शेकडो चित्रे. पाच बेटे पाहून झाली, असे प्रवाशाला वाटते. तिकडे कोमिझात मात्र दिवसाच्या नौका निघून गेलेल्या असतात, धक्का पुन्हा गावाचा झालेला असतो आणि कोणी वृद्ध आपली जाळी झटकून ठेवत असतो. ज्याला ते गाव खरोखर पाहायचे असेल, त्याने परतीची शेवटची नौका सोडून द्यावी आणि एक रात्र तेथे राहावे. भाड्याचे चार पैसे त्या घराला मिळतील आणि घराचे दार हिवाळ्यातही उघडे राहण्यास हातभार लागेल.