कुर्ल्याची पॅलिओ, रांजणगावची पुंटो

उल्हासनगर कॅम्प ४मध्ये संध्याकाळी लालचक्कीहून व्हीनस चौकाकडे गाडी काढली, तर दुसऱ्या गिअरच्या वर जायचं काम सहसा पडत नाही. पुढे रिक्षा, बाजूला जीन्सच्या गठ्ठ्यांनी फुगलेला टेम्पो, आणि समोरून उलट्या दिशेने, अगदी निवांत, स्कूटरवर येणारे एखादे काका. हे रस्ते मुळात मोटारींसाठी आखलेलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं, आणि बराकींच्या मधल्या वाटा वाढत वाढत बाजारपेठा झाल्या. अशा गावात एमएच-०५ची पाटी लावलेली १४५ अश्वशक्तीची गाडी दिसते आणि तिचा काटा पस्तिशीवर असतो.

हसण्यासारखं आहे खरं, पण छोट्या स्पोर्ट्स कारची जुनी पिढी बरी की नवी, हा वाद घालायला मला याहून योग्य जागा माहीत नाही. मोकळ्या हायवेवर कोणतीही ताकदवान गाडी चांगलीच वाटते. छोट्या चपळ गाडीची परीक्षा कमी वेगात होते. चाळीसच्या वेगात ती हाताला काय सांगते, वळताना अंग कसं टाकते, पाय ठेवल्यावर ताबडतोब उत्तर देते की विचार करत बसते, यावर तिचं चांगलंवाईट ठरतं.

या गाड्यांची दोन घराणी जगात चालत आली. एक दोन सीटांच्या, उघड्या टपाच्या रोडस्टरचं. त्यात आजही टिकून असलेलं नाव माझदा एमएक्स-५चं. १९८९मध्ये आलेली ही गाडी चौथ्या पिढीत पोहोचली आहे. तिची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. पहिली पिढी हजार किलोच्या आतली. पुढच्या पिढ्या सुरक्षेच्या नियमांनी आणि गिऱ्हाइकाच्या हौसेनं जड होत गेल्या. २०१५च्या चौथ्या पिढीत माझदाच्या अभियंत्यांनी हट्टानं वजन उतरवलं आणि गाडी पुन्हा हजाराच्या आसपास आणली. लांबीला तर ती पहिलीपेक्षाही थोडी आखूड आहे. नवी पिढी जुनीहून लहान, असं मोटारींच्या दुनियेत फार क्वचित घडतं.

दुसरं घराणं हॉट हॅचचं: बाजारहाटाची साधी छोटी गाडी घ्यायची, तिच्यात मोठं इंजिन बसवायचं आणि सस्पेन्शन कसायचं. या घराण्यातली गाजलेली गाडी म्हणजे १९८४ची प्यूजो २०५ जीटीआय. १.६ लिटर, १०५ अश्वशक्ती आणि वजन साडेआठशे किलोच्या जवळपास. पुढे १.९ लिटरचं इंजिन आलं. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला तर हिची मागची बाजू बाहेर धावायची. कित्येक तरुणांनी ती शेतात घातली आणि तरी आयुष्यभर तिचं कौतुक केलं. तीस वर्षांनी तिची वारस २०८ जीटीआय आली ती २०० अश्वशक्तीची, टर्बोची, पण वजन ११६० किलो. अधिक वेगवान आणि अधिक सुरक्षित. मात्र म्हातारीइतकी लाडकी ती झाली नाही.

प्यूजोचं हे फ्रेंच घराणं आपल्या अगदी दारापर्यंत येऊन गेलंय, हे कल्याण-उल्हासनगरच्या नव्या पोरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. पद्मिनीवाली प्रीमियर आणि प्यूजो यांनी मिळून १९९४पासून प्यूजो ३०९ बनवली ती प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात. ही ३०९ म्हणजे २०५ची सख्खी बहीण. दोघींची दारंसुद्धा एकच. युरोपात ३०९चीही १३० अश्वशक्तीची जीटीआय निघाली होती. आपल्या वाट्याला मात्र साधं १.४ पेट्रोल आणि १.५ डिझेल आलं. तरी तिचं सस्पेन्शन त्या काळातल्या आपल्या कोणत्याही गाडीपेक्षा सरस होतं. १९९७मध्ये प्यूजोनं गाशा गुंडाळला आणि गाडी पोरकी झाली. तिचं मर्म कळेपर्यंत तिचे सुटे भाग मिळेनासे झाले होते.

लगेच पुढच्या वर्षी, १९९८मध्ये, गोव्यातून सॅन स्टॉर्म आली. दोन सीटांची, फायबरच्या बॉडीची, दिसायला अस्सल रोडस्टर. इंजिन मात्र रेनोचं ११४९ सीसीचं, ६० अश्वशक्तीच्या आसपासचं. तिला हसणारे पुष्कळ होते, पण मला ती हास्यास्पद वाटत नाही. हलक्या गाडीला साठ अश्वशक्ती पुरतात, हे इंग्रजांनी ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये १९५८मध्येच त्याहून कमी ताकदीत दाखवून दिलं होतं. सॅन स्टॉर्मचं दुखणं वेगळं होतं. चार माणसांच्या घरात दोन सीटांची गाडी म्हणजे दुसरी गाडी, आणि त्या काळी पहिलीचीच मारामार.

म्हणून महाराष्ट्रात खरी लढत झाली ती पाच दारांच्या गाड्यांत, आणि ती इटालियन फियाटनं लढवली. पॅलिओ १.६ आणि अबार्थ पुंटो या दोन गाड्यांत चौदा वर्षांचं अंतर आहे. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच वर्गातल्या, दोघींवर जोर्जेतो जुजारो या तुरीनच्या डिझायनरचा हात फिरलेला. एक कुर्ल्यात बनली, दुसरी पुणे जिल्ह्यात रांजणगावला. जुनी-नवी तुलना करायला याहून चांगली जोडी आपल्याकडे नाही.

पॅलिओ २००१मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिच्या जन्माचा हेतू लक्षात घ्यायला हवा. फियाटनं हा प्रकल्प ब्राझील, भारत अशा देशांसाठी आखला होता. १९९६मध्ये ती आधी ब्राझीलमध्ये विकायला आली. म्हणजे खड्डे, गतिरोधक आणि पाच माणसांचं ओझं हे गृहीत धरूनच तिचा सांगाडा बांधलेला. त्यामुळे ती त्या काळच्या झेन किंवा सँट्रोपेक्षा जड. दार लावलं की धप्प असा आवाज येई आणि लोक तेवढ्यावरच गाडी घ्यायचं ठरवत. या सांगाड्यात फियाटनं १६ व्हॉल्व्हचं १५९६ सीसीचं, १०० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि तिला जीटीएक्स म्हटलं. पन्नास-साठ अश्वशक्तीत समाधान मानणाऱ्या बाजारात हा आकडा अचाट होता. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. त्याच्या नावानं एस-१० ही मर्यादित आवृत्तीही निघाली. (२००२मध्ये फियाटच्याच वतीनं शूमाकरच्या हातून सचिनला फेरारी मिळाली आणि तिच्या आयातकरावरून जो गदारोळ झाला, तो आता पॅलिओपेक्षा जास्त लोकांच्या लक्षात आहे.)

पॅलिओचं इंजिन टर्बोविना श्वास घेणारं. अॅक्सिलरेटरवर पाय टेकवला की त्याच क्षणी उत्तर. उल्हासनगरातल्या कुर्ला कॅम्पच्या गर्दीत रिक्षा आणि टेम्पोच्या मधली फट दोन सेकंदांसाठी उघडते; तेवढ्यात दुसऱ्या गिअरवर गाडी उचलून पुढे काढायची, तर हेच इंजिन हवं. स्टिअरिंग हायड्रॉलिक, हाताला रस्ता कळवणारं. खड्ड्यात गेली तर दणका बसतो, पण गाडी मार्ग सोडत नाही. वाईट काय? पेट्रोल पिते. ‘कितना देती है’ या प्रश्नाचं उत्तर १.६वाले टाळायचे. आणि सर्व्हिस व सुट्या भागांबद्दल फियाटच्या नावानं बाजारात जी ओरड होती, तिनं गाडीला पुनर्विक्रीत पार आडवं केलं. आपल्याकडे नवी गाडी घेतानाही माणूस जुनी विकायचा भाव मनात मांडत असतो. पॅलिओ त्या हिशेबात मेली.

मग २००६चा अर्थसंकल्प आला. गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल, तर अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के. डिझेलला १५०० सीसीची मर्यादा. छोट्या वेगवान गाड्यांच्या इतिहासात या एका ओळीला कोणत्याही इंजिनापेक्षा जास्त महत्त्व आहे, असं माझं मत आहे. १.६ लिटरचं मोठं इंजिन छोट्या गाडीत घालण्याचा साधा, स्वस्त मार्ग तिनं बंद केला. पुढच्या पिढीला एकच वाट उरली: इंजिन लहान ठेवा आणि टर्बो लावा.

अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५मध्ये आली. कार्लो अबार्थनं १९४९मध्ये सुरू केलेली ही कंपनी साध्या फियाट गाड्यांचे सायलेन्सर आणि इंजिनं सुधारून त्यांना शर्यतीत पळवण्यासाठी ओळखली गेली. त्याच्या जन्मराशीचा विंचू गाडीच्या नाकावर बसतो. १९७१मध्ये फियाटनं ही कंपनी विकत घेतली. रांजणगावच्या पुंटोत १३६८ सीसीचं टर्बोवालं टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, असं कंपनी सांगे. दिल्लीत एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद आपल्या बाजारानं तोवर पाहिली नव्हती. गंमत अशी, की १.४ लिटरच्या इंजिनामुळे हीसुद्धा करसवलतीच्या बाहेरच होती. टर्बो लावूनही फियाट त्या चौकटीत बसली नाही.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. धूर कमी असताना पंखा आळसावलेला असतो. पुंटोत मिनिटाला साधारण दोन हजार फेऱ्यांपर्यंत काही विशेष घडत नाही, आणि मग गाडी एकदम धाव घेते. शहाडहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना, टोकावड्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की हे रूप कळतं. घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरवर ती जशी ओढत जाते, तशी पॅलिओ जात नाही. पॅलिओला गिअर उतरवून इंजिन ओरडवावं लागतं. वळणात पुंटो जास्त सपाट बसते आणि ब्रेक निर्विवादपणे तिचेच चांगले. घाटात मी डोळे झाकून नवीच्या बाजूनं मत देईन.

कॅम्प ४मध्ये मात्र गणित उलटं होतं. अबार्थचं सस्पेन्शन साध्या पुंटोपेक्षा खाली उतरवलेलं. जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर. आमचे गतिरोधक मोजमाप घेऊन बांधलेले नसतात. रात्रीत सिमेंट ओतून सकाळी तयार होतात. चार माणसं बसली की ती खाली लागते, आणि तो आवाज मालकाच्या काळजात जातो. फट उघडते तेव्हा टर्बो झोपेत. तो जागा होतो तेव्हा समोर टेम्पो आडवा.

दुरुस्तीतही पिढ्यांचं अंतर आहे, पण लोक समजतात तसं नाही. जुनी गाडी कोणीही पान्यानं दुरुस्त करतो, हे पद्मिनीपुरतं खरं. पॅलिओलाही सेन्सर आणि ईसीयू आहेच. फरक पडतो तो सुट्या भागांत. पॅलिओचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून निघत. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव. अबार्थचे खास भाग, म्हणजे टर्बो, स्प्रिंगा, विंचवाची अलॉय चाकं, भंगारात क्वचितच येतात, कारण गाड्याच थोड्या विकल्या गेल्या. तिचा बाकीचा सांगाडा साध्या पुंटोचा, तेवढाच दिलासा. आणि यात एक चमत्कारिक गोष्ट आहे: फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत साऱ्या देशानं पळवलं, पण त्याच कंपनीच्या स्वतःच्या गाड्या शोरूममध्ये उभ्या राहिल्या. एप्रिल २०२०पासून बीएस-६चे प्रदूषण-नियम लागू होणार होते. त्यासाठी खर्च करण्याइतकी विक्री नव्हती. त्याआधीच फियाटनं गाड्या बंद केल्या. रांजणगावचा कारखाना जीप आणि टाटांच्या गाड्या बनवत राहिला.

तिसरी पिढी आता टाटांची. जून २०२४मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसर: चार मीटरच्या आत, १.२ लिटर, टर्बो, १२० अश्वशक्ती. म्हणजे २००६च्या त्या ओळीत तंतोतंत मापून शिवलेली. आकड्यांत ती पॅलिओ आणि अबार्थच्या मध्ये बसते. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीनं ही रेघ आणखी खोल केली आहे: रेघेच्या आतल्या छोट्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४०. अबार्थसारखी १.४ लिटरची गाडी आज कोणी नव्यानं काढायची म्हटली, तर तिचा हिशेब पहिल्याच कागदावर फसेल. ज्यांना तसली गाडी हवी, त्यांना सेकंड हँडच्या बाजारातच जावं लागणार.

मला जुन्या दोन्हींतली एकच घेऊन कॅम्प ४मध्ये राहायचं असेल, तर मी पॅलिओ १.६ घेईन, पेट्रोलच्या बिलाकडे काणाडोळा करून. बदलापूरच्या पुढे मोकळ्या रस्त्यालगत घर असतं, तर अबार्थ. दोन्हींत एक काम मात्र सारखंच: या इंजिनांना टायमिंग बेल्ट आहे, आणि तो चालता चालता तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन बसतं. मालक सांगेल, ‘साहेब, सिंगल हँड गाडी आहे, काही बघायची गरज नाही.’ बेल्ट बदलल्याची पावती मागा. नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप या तिन्हींचा खर्च भावातून वजा करा, आणि नवा बेल्ट बसेपर्यंत गाडी घाटावर नेऊ नका.