न्यूयॉर्क ते कुर्ला : अंतर तेच, तास वेगळे

मुंबई, खास प्रतिनिधी - मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून जातात. अमेरिकेतील मुलगा अशा विमानाने येणार असला, की घरात पहिला प्रश्न असतो, ‘कधी पोचणार?’ घरात गंभीर आजारपण असेल किंवा अंत्यविधी त्याच्यासाठी थांबवायचे असतील, तर तासातासाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. केवळ तिकिटावरील वेळा पाहून केलेला हा हिशेब बहुधा चुकतो.

मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२ हजार ५०० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग सरळ पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे वळून रशिया, स्कँडिनेव्हिया असा जातो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर कापण्यास सुमारे १४ तास लागतात.

वाऱ्याचा वाटा

प्रत्यक्षात जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. त्याचे कारण पृथ्वीचे फिरणे हे नव्हे, कारण वातावरणही तिच्याबरोबरच फिरते. सुमारे ३० ते ४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. न्यूयॉर्कहून येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, तर जाणाऱ्या विमानाला अडवतात.

बंद असलेल्या हवाई हद्दीमुळेही वळसा पडतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै या काळात आपली हद्द बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद करण्यात आली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाणारा मार्ग बंद झाला.

हिशेब कसा करावा?

तिकिटावर त्या-त्या शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा असतो. समजा, हिवाळ्यात विमान तेथून दुपारी १२ वाजता निघाले आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला उतरले. घड्याळात साडेचोवीस तास दिसतात. त्यातून साडेदहा वजा केले, की खरा प्रवास १४ तासांचा ठरतो.

आता कुर्ल्यातून संध्याकाळी सहा वाजता निरोप गेला, असे धरू. तेथे तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याच दुपारच्या विमानात जागा मिळाली, तर तपासणी आणि सामान आटोपून मुलगा दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमारास घरी पोचू शकतो. म्हणजे निरोपापासून सुमारे २० तास लागतात. ते विमान हुकले, तर दुसऱ्या दिवशीच्या थेट विमानाची वाट पाहण्यापेक्षा लंडन किंवा आखातात थांबणारे विमान अनेकदा लवकर पोचवते. म्हणूनच नातेवाइकांना वेळ कळविताना केवळ उड्डाणाचे तास न मोजता निरोपापासून दारापर्यंतचे तास मोजावेत.