उंबरठ्यावरचे कोडे आणि झॉर्कचे साम्राज्य

परभणी–परळी लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. ज्या देवामुळे गावाची ओळख आहे, त्याची कथा म्हणजे शब्दांत घातलेले कोडेच. हिरण्यकशिपूने वर मागितला: मरण घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. सुटका वराच्या शब्दांतच होती: उंबरठा, तिन्हीसांज, नरसिंह. शिवाय ही कथा सुटी नाही. हिरण्यकशिपूचा भाऊ हिरण्याक्ष वराहाच्या हातून गेला, त्याचा मुलगा प्रल्हाद, आणि प्रल्हादाचा नातू बळी वामनासमोर उभा राहिला. एकच घराणे, तीन अवतार.

अशीच घडण संगणकावरच्या शब्दखेळांत आढळते. पडद्यावर चित्र नसते. फक्त जागेचे वर्णन येते आणि ‘उत्तरेकडे जा’, ‘कंदील पेटव’ अशा आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या. केंटकीतल्या मॅमथ गुहेत हिंडणाऱ्या विल क्राउदरने असा पहिला गाजलेला खेळ रचला, १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्याच वर्षी एमआयटीतल्या चौघांनी ‘झॉर्क’ लिहायला घेतला. १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी निघाली आणि अवाढव्य झॉर्कचे तीन खेळ झाले: १९८०, १९८१ आणि १९८२.

सुरुवात एका पांढऱ्या घरापाशी होते. सतरंजीखाली तळघराचे दार, त्याखाली लयाला गेलेले भूमिगत साम्राज्य. डिमविट फ्लॅटहेड नावाच्या उधळ्या राजाच्या काळातले तिथले धरण तर खास पाहण्यासारखे. पिवळे बटण दाबून पान्याने बोल्ट फिरवला की दरवाजे उघडतात, जलाशय ओसरतो आणि तळाशी जवाहिराची पेटी सापडते. निळे बटण दाबाल तर खोलीतच पाणी भरू लागते. येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या ऐकत वाढलेल्या परभणीकराला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको!

याच जगात पुढे जादूगारांची त्रयी आली: ‘एन्चँटर’ (१९८३), ‘सॉर्सरर’ (१९८४), ‘स्पेलब्रेकर’ (१९८५). ‘एन्चँटर’मधली करामत विलक्षण आहे. मंत्र म्हणून आपण एका हावरट, गोंधळलेल्या साहसवीराला बोलावतो, आणि तो असतो आधीच्या झॉर्कचा नायक. म्हणजे कालपर्यंतचे आपणच. एक दार त्याच्याचकडून उघडून घ्यावे लागते. आधीची त्रयी न खेळलेल्याला यातली गंमत कळणार कशी?

खरी पंचाईत ‘झॉर्क झीरो’ची. स्टीव्ह मेरेत्स्कीने तो १९८८ मध्ये लिहिला, पण त्यातली कथा बाकी सगळ्यांच्या आधी घडते. म्हणून काही जण तोच आधी खेळायला सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. ते पांढरे घर मुळात आले कुठून, हे तो खेळ शेवटी उलगडतो. ज्याने त्या घराच्या दारात ताटकळत तासन्‌तास घालवलेच नाहीत, त्याला त्या उलगड्याचे काय कौतुक? कीर्तनकारही नृसिंहाचे आख्यान लावताना त्याही आधी घडलेल्या, वैकुंठातल्या जय-विजयांच्या शापापासूनच सुरुवात करतो असे नाही.

इन्फोकॉम १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजनने विकत घेतली आणि १९८९ मध्ये ती बंद पडली. खेळ मात्र आजही चालतात, कारण ते कोणत्याही एका संगणकासाठी नव्हे, तर ‘झी-मशीन’ नावाच्या काल्पनिक यंत्रासाठी लिहिले होते. तेव्हा प्रकाशनाच्या क्रमानेच खेळा, नकाशा कागदावर काढत चला आणि कंदील उगाच पेटता ठेवू नका. त्याची बॅटरी खरोखरच संपते.