संस्थेचे बळ कशात असते?



प्रतिवर्षी या अहवालातून आम्ही रुग्णसेवेचा आढावा आणि जमाखर्च आपणांपुढे ठेवतो. तो वाचून काही हितचिंतक आपुलकीने विचारतात, ‘औषधे, खाटा आणि यंत्रे यांवरील खर्च समजला, परंतु प्रशिक्षण, देखभाल, नोंदी आणि हिशेब यांवर धर्मादाय संस्थेने पैसा का खर्च करावा?’ प्रश्न रास्त आहे. देणगीदाराचा रुपया रुग्णापर्यंत पोहोचावा, हीच आमचीही इच्छा आहे. तो पोहोचतो कसा, हे समजावून सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका दंशाचे उदाहरण

पावसाळा लागला आणि लावणीची कामे सुरू झाली की कोकणात सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. फुरसे आपल्या भागात विशेष आढळते. फुरशाच्या आणि घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हे ओळखण्याची एक साधी तपासणी आहे. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवावयाची आणि नंतर तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल, तर प्रतिविष देण्याची वेळ आली, असे समजावे. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची असेल, तर मात्र हीच तपासणी फसवा निष्कर्ष देते.

आता या रुग्णाच्या प्राणासाठी काय काय जागेवर असावे लागते, ते पाहा. काचेच्या नव्या नळ्या हव्यात. ही तपासणी नेमकी करणारी परिचारिका त्या रात्री कामावर हवी. कपाटातील प्रतिविषाच्या कुप्या पुरेशा आणि मुदतीच्या आतील हव्यात. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया आल्यास लागणारे अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी हवे. मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागला, तर म्हसळामार्गे माणगाव गाठून पुढे मोठ्या रुग्णालयात नेणारी रुग्णवाहिका सुस्थितीत हवी आणि तिचा चालक जागा हवा. यांपैकी एकही दुवा निखळला, तर बाकी सारे असूनही उपयोग होत नाही. हे दुवे रात्रंदिवस जोडलेले ठेवणे, यालाच आम्ही संस्थेची क्षमता म्हणतो.

वादळाने घेतलेली परीक्षा

दिनांक 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड तालुक्यांतील घरांची छपरे उडाली. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब कोसळले, दूरध्वनी बंद पडले, रस्ते झाडांनी अडले. हे सारे कोरोनाच्या टाळेबंदीत घडले. पुढे कित्येक गावांना अनेक दिवस विजेवाचून काढावे लागले.

अशा वेळी रुग्णालयापुढील प्रश्न अगदी साधे असतात. जनित्राला डिझेल किती दिवस पुरेल? श्वानदंशावरील लस आणि इन्शुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात कसे राखावयाचे? प्राणवायूचे सिलिंडर कोठून आणि कोणत्या वाटेने आणावयाचे? फोन बंद असताना कर्मचाऱ्यांना निरोप कोणी द्यावयाचा? याची उत्तरे वादळाच्या दिवशी शोधून सापडत नाहीत. ती आधी कागदावर लिहावी लागतात, प्रत्येकाला आपले काम ठाऊक असावे लागते आणि पावसाळ्यापूर्वी एकदा सराव करून पाहावा लागतो. या सरावावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. परंतु संकटात रुग्णाच्या उशाशी उभी राहते ती हीच तयारी.

माणसे घडविणे

यंत्र विकत घेता येते. ते चालविणारा हात घडवावा लागतो. ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका आणि तंत्रज्ञ अनुभव मिळताच शहराकडे जातात, हे आपण जाणताच. संसार असलेल्या माणसाला चांगल्या वेतनाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच स्थानिक मुलामुलींना शिकविणे, त्यांना राहण्याची सोय देणे आणि एकाचे कौशल्य दुसऱ्याच्या हाती उतरविणे, हाच टिकाऊ मार्ग होय.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेड येथे कार्य आरंभिले. तेथे शालेय शिक्षण न मिळालेल्या अनेक स्त्रियाही आरोग्यसेविका म्हणून उभ्या राहिल्या, त्या सातत्यपूर्ण प्रशिक्षणाच्या बळावर.

नोंदींचे मोल

नोंदवही ही कारकुनी बाब नव्हे, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महाड तालुक्यात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे बारकाईने टिपली. लाल विंचवाच्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकात मांडला. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. ग्रामीण डॉक्टरांची दृष्टी आणि काटेकोर नोंदी एकत्र आल्या, तर काय साधते, याचा हा वस्तुपाठ आहे.

हिशेब आणि विश्वास

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात. या उपचारांसाठी देयकांच्या 2 टक्के रक्कम स्वतंत्र निधीत जमा होते. निर्धन रुग्णाकडून दाखल करतेवेळी अनामत मागता येत नाही. रुग्णांच्या नातेवाइकांनी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवावा; तातडीच्या प्रसंगी मात्र आधी उपचार, मग कागद. हा हक्क रुग्णाला मिळवून देण्यासाठी त्याची विचारपूस करणारा समाजसेवक आणि चोख हिशेबनीस, दोघेही लागतात.

आपली देणगी

वास्तूसाठी किंवा यंत्रासाठी दिलेली देणगी आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु यंत्राबरोबर त्याचा देखभाल करार, सुटे भाग, वीज आणि तंत्रज्ञाचे वेतनही येते. तेव्हा यंत्र देऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील काही वर्षांच्या देखभालीचाही विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. ज्यांना विशिष्ट हेतूचे बंधन न घालता देणगी देणे शक्य आहे, त्यांचे दान सर्वांत अडचणीच्या जागी उपयोगी पडते. कायमनिधीत दिलेल्या रकमेची मुद्दल सुरक्षित राहून व्याजातून सेवा चालते.

आपले अनेक बांधव आखाती देशांत नोकरीस आहेत. परकीय अंशदानाचा कायदा कडक असला, तरी भारतीय नागरिकाने परदेशातील आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी परकीय अंशदान मानली जात नाही, हे त्यांनी ध्यानी घ्यावे. देणगी कोणीही द्यावी, ती शक्यतो धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी.

दीप तेवतो तो तेलावर. पण ते तेल समईत टिकते कारण समईला गळती नसते. आपण तेल घालीत आहात. समई भक्कम राखणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि ती तशी आहे की नाही, हे विचारण्याचा आपला अधिकार आहे. हिशेब पाहावयास, सूचना करावयास आणि प्रसंगी कान धरावयासही आपण रुग्णालयात अवश्य यावे.



— विश्वस्त मंडळ, श्रीवर्धन